लेखकाच्या पायांनी मोजलेलं वाळवंट

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब नावाचं गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, शेजारून कोलोरॅडो नदी, एका अंगाला आर्चेस नॅशनल पार्क, दुसऱ्या अंगाला कॅन्यनलँड्स, आणि उरलेल्या जागेत सायकलची दुकानं. इथे पहिल्यांदा येणारा माउंटन बाइकवाला आधी सायकल भाड्याने घेतो, मग पाठीवरची पाण्याची पिशवी घेतो आणि शेवटी, पैसे देता देता, गल्ल्याशेजारचं एक गाइडबुक उचलतो. सायकलची त्याने अर्धा तास परीक्षा घेतलेली असते. ब्रेक दाबून बघितलेले असतात, सस्पेन्शनवर बूड आपटून बघितलेलं असतं, टायरची हवा अंगठ्याने चाचपलेली असते. पुस्तकाची मात्र किंमत सोडून तो काहीच बघत नाही. पुढचे चार दिवस ज्याच्या शब्दावर आपण कड्याकपारीतून हिंडणार तो लेखक कोण, त्याचं वय काय, तो शर्यती मारणारा आहे की फोटो काढत रमतगमत जाणारा, त्याने ही वाट एप्रिलमध्ये केली की ऑगस्टमध्ये, यातलं त्याला काहीही ठाऊक नसतं. ते त्याला पहिल्या चढावर कळतं.

मुळात वाळवंटात सायकल चालवायला पुस्तक लागतंच कशाला, असं सह्याद्रीत भटकणाऱ्याला वाटेल. झाडीतली वाट झुडपांनीच आखून दिलेली असते. चुकलं की माणूस करवंदीच्या जाळीत शिरतो आणि चुकल्याचं त्याच क्षणी समजतं. मोआबला तशी सोय नाही. उघडाबोडका, गोलसर उंचवट्यांचा वालुकाश्म मैलोन् मैल पसरलेला, त्यावरून हजार चाकं गेली तरी वाट मळत नाही. कुठूनही कुठेही जाता येतं. त्यातली एक दिशा नदीकडे उतरते, एक गाडीपाशी परत आणते आणि एक कड्याच्या तोंडाशी जाऊन संपते. सुरुवातीला तिन्ही सारख्याच मोहक दिसतात.

म्हणून १९६९ साली इथली स्लिकरॉक ट्रेल आखली गेली तेव्हा खडकावर सरळ पांढऱ्या रंगाचे पट्टे मारण्यात आले. आखली ती मोटरसायकलींसाठी. माउंटन बाइक नावाची वस्तू तेव्हा दुकानात मिळत नव्हती. घोड्यांचे नाल ज्या खडकावर घसरायचे त्यावर रबरी टायर विलक्षण घट्ट धरतो, हे सायकलवाल्यांना बऱ्याच उशिरा, १९८०च्या दशकात उमगलं आणि मग त्यांनी ही ट्रेल जवळजवळ ताब्यातच घेतली. मुख्य फेरा साधारण दहा मैलांचा, म्हणजे सोळा-सतरा किलोमीटरचा. मोआबमध्ये ‘फक्त दहा मैल’ असं म्हणणारा माणूस आदल्या रात्री आलेला असतो. शिवाय जवळच सव्वादोन मैलांचा एक सरावाचा फेरा आहे. ‘सराव’ हे वाचून कुटुंबवत्सल मंडळी मुलाबाळांसह तिकडे वळतात. तिथले चढ-उतार मुख्य फेऱ्याइतकेच तीव्र आहेत. सरावाचा फेरा सोपा नाही, आखूड आहे. ट्रेल आखणाऱ्यांच्या मते तेवढा फरक पुरेसा होता.

गावाला सायकलचं वेड लागलं ते पोटापाण्यापायी. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला जवळच युरेनियमचा घबाड साठा सापडला आणि मोआब स्वतःला जगाची युरेनियम राजधानी म्हणवून घेऊ लागलं. हौशे, नवशे, गवशे गायगर काउंटर घेऊन धावले आणि त्यांनी बुलडोझरने या निर्जन मुलखात मिळेल तिथे रस्ते फोडले. पुढे युरेनियमचा बाजार बसला, खाणकामगार घरी बसले. १९८३ मध्ये ग्रॉफ बंधूंनी ‘रिम सायक्लरी’ हे दुकान काढलं आणि गावाला दुसरा धंदा मिळाला. युरेनियमवाल्यांचे रस्ते तसेच राहिले होते. ते आज गाइडबुकांत ‘ऐतिहासिक मार्ग’ म्हणून येतात. यातले कित्येक रस्ते धापा टाकायला लावत चढतात, वळसे घेतात आणि मध्येच काही नसलेल्या ठिकाणी थांबतात. सायकलस्वार गोंधळून पुस्तक चाळतो. पुस्तकाचं काही चुकलेलं नसतं. रस्ता फोडणाऱ्याला तिथे युरेनियम मिळालं नाही, एवढंच.

या मुलखावर पुस्तकं लिहिणाऱ्यांचीही एक जातकुळी आहे. मोआबचे फ्रॅन बार्न्स यांनी ‘कॅन्यन कंट्री’ नावाखाली मालिकाच लिहिली. जीपवाल्यांसाठी वेगळं पुस्तक, पायी जाणाऱ्यांसाठी वेगळं, खडकावरची प्राचीन चित्रं बघणाऱ्यांसाठी वेगळं, आणि सायकली आल्या तसं सायकलवाल्यांसाठीही. टॉड कॅम्पबेल यांनी स्लिकरॉकच्या पलीकडच्या वाटा पुस्तकात आणल्या. पुढे फाल्कनसारख्या प्रकाशकांनी शिस्त लावली. प्रत्येक वाटेला अंतर, उंची, नकाशा, शिवाय दोन वेगवेगळे गुण. दम किती लागेल याचा एक गुण आणि हँडल सांभाळायला किती कौशल्य लागेल याचा दुसरा. कौशल्याचं मोजमाप एक ते पाच, त्यातही अधिक आणि उणे अशी बारीक चिन्हं. एवढं शास्त्रशुद्ध कोष्टक पाहून अभियंता असलेला वाचक निर्धास्त होतो. ‘तीन अधिक’ म्हणजे आपल्या आवाक्यातलं, असं ठरवून टाकतो. पण त्या तीनचं माप कुठल्या प्रयोगशाळेत ठरलेलं नसतं. लेखकाने ती जागा सायकलवरून न उतरता पार केली, एवढाच त्याचा अर्थ. आणि लेखक अशा गावात राहतो जिथे शाळकरी पोरंही संध्याकाळी कड्यावरून सायकली उडवतात.

वेळेचंही तसंच. कोलोरॅडो पठारावरच्या घळींची पायी भटकंती सांगणारे मायकल केल्सी हे या प्रांतातले दादा लेखक. स्वतःच पुस्तकं छापतात, अमेरिकेत राहून अंतरं किलोमीटरमध्ये देतात आणि अमुक वाटेला स्वतःला किती वेळ लागला हे लिहून टाकतात. लपवाछपवी काही नाही. अडचण इतकीच की हे गृहस्थ चालण्यात वाऱ्यासारखे. त्यांच्या वाचकांत त्या वेळेची दीडपट, दुप्पट करून घ्यायची रीतच पडली आहे. सायकलच्या पुस्तकांत असा प्रामाणिकपणाही विरळा. तिथे ‘दोन ते चार तास’ असं लिहिलेलं असतं. यातले दोन तास लेखकाचे आणि चार तास लेखकाच्या कल्पनेतल्या सर्वांत मंद माणसाचे. त्याहून मंद माणूस पुस्तक विकत घेईल, हे लेखकाच्या डोक्यातच येत नाही.

विशेषणांकडे लक्ष द्यावं लागतं ते याचसाठी. अनुभवी वाचक गाइडबुक वाचतो ते स्थळांच्या जाहिराती वाचणाऱ्या वरपित्याच्या सावधपणे. ‘रोमांचक उतार’ असं असेल तर लेखक तिथे पडला होता. ‘दृश्यांसाठी थांबायला जागोजाग संधी’ म्हणजे चढ. ‘क्वचित वर्दळ’ म्हणजे पाय मोडला तर तासन् तास कोणी यायचं नाही. ‘साहसी सायकलस्वारांना आवडेल’ असं लिहिलं असेल तर लेखकाला स्वतःला ती वाट आवडली नव्हती, पण पुस्तकात पन्नास वाटा भरायच्या होत्या. आणि ‘थोडी वाळू’ या दोन शब्दांवर तर मुक्कामाच्या तळावर रात्र रात्र चर्चा होऊ शकते.

वाळू हा या सगळ्या वाङ्मयाचा दुखरा भाग आहे. सायकलची चाकं जिथे इतकी घट्ट धरतात तो नवाहो वालुकाश्म म्हणजे साधारण एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्याच. वाऱ्याने रचल्या, खाली दडपल्या गेल्या, दगड झाल्या. खडकावर तिरक्या रेघा दिसतात त्या त्या काळच्या वाऱ्याच्या. तोपर्यंत सगळं छान. पण हा दगड ऊन, पाणी आणि बर्फाने झिजतो, कण सुटतात, ओढ्यांच्या पात्रांत आणि खळग्यांत साठतात, आणि पुन्हा वाळू होते. म्हणजे त्याच वाळूचं एक रूप सायकलला भिंतीसारख्या चढावरूनही वर घेऊन जातं आणि दुसरं रूप सपाटीवर चाक गिळतं. पाच मिनिटांच्या अंतराने माणसाला आपण जगज्जेते आहोत आणि आपण हमाल आहोत, असे दोन्ही साक्षात्कार होतात.

वाळूत सायकल चालवायचं तंत्र पुस्तकांत दिलेलं असतं. टायरची हवा थोडी कमी करा, वजन मागे घ्या, हलका गिअर ठेवा, पेडल थांबवू नका, हँडल वळवू नका. हे सगळं पाळून माणूस जिथे पोहोचतो ते ठिकाण वाळू सुरू झाल्यापासून फार तर दहा हातांवर असतं. मग तो उतरतो आणि ढकलू लागतो. पुस्तकात या ढकलण्याचा उल्लेख नसतो, कारण लेखक ढकलत गेलेलाच नसतो. कदाचित तो पाऊस पडून गेल्यावर गेला होता. ओली वाळू घट्ट बसते, तिच्यावरून सायकल छान पळते. म्हणून एकाच वाटेबद्दल एक पुस्तक ‘वेगवान आणि गुळगुळीत’ म्हणतं आणि दुसरं ‘टाळावी’ म्हणतं. दोघांचंही खरं असतं. वाटेचं वर्णन म्हणून वाचक जे वाचतो ते पुष्कळदा एका विशिष्ट मंगळवारचं हवामान असतं.

पाऊस पडून गेला की सरसकट निघावं, असं मात्र नाही. मोआबच्या आसपास काही पट्टे बेंटोनाइट मातीचे आहेत. कोरडी असताना ही माती निरुपद्रवी, भुसभुशीत दिसते. ओली झाली की फुगते आणि चाकाला, चेनला, बुटाला असा काही लगदा लागतो की सायकल उचलूनच न्यावी लागते, आणि उचलायला गेलं तर ती दुप्पट जड झालेली असते. परभणी-नांदेडकडच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. आपल्या काळ्या कापूसमातीत फुगणाऱ्या चिकणमातीची जी खनिजं आहेत, बेंटोनाइट त्यांच्याच कुळातलं. पावसाळ्यात शेतरस्त्यावर सायकल खांद्यावर घेतलेल्या माणसाने मोआबचं ‘ओलं असताना अशक्य’ हे वाक्य वाचलं तर त्यातला एक शब्दही त्याला अतिशयोक्त वाटायचा नाही. सगळ्या गाइडबुकात लेखकाने अक्षरशः खरं लिहिलेलं वाक्य बहुधा हेच.

जुन्या पुस्तकांची रचना मैलांच्या नोंदींवर होती. शून्य मैलाला वाहनतळ. मग अमुक दशांश मैलाला फाटक, तमुक दशांशाला गुरांचा कोंडवाडा, पुढे एकट्या ज्युनिपरच्या झाडापाशी डावीकडे. यासाठी सायकलला छोटं मीटर लावायचं आणि त्यात चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरायचा. परीघ थोडा चुकला, हवा थोडी कमी असली, की पंधरा मैलांत लेखकाचा आणि वाचकाचा काटा भलतीकडे. एवढ्यावर भागलं तर नशीब. वाचक एकदा चुकतो, अर्धा मैल जाऊन परत येतो, म्हणजे मीटरवर एक मैल जास्तीचा चढतो. आता पुढच्या प्रत्येक नोंदीत एक मिळवायचा. मग सोबतचा गडी पाण्याच्या बाटलीचं झाकण शोधायला मागे जातो, त्याचे आणखी तीन दशांश. दुपारी एक वाजता, डोक्यावर ऊन असताना, दोन उच्चशिक्षित माणसं खडकावर बसून आठ पॉइंट सातमधून एक पॉइंट तीन वजा करत असतात आणि दोघांची उत्तरं वेगळी येतात. एकट्या ज्युनिपरचं म्हणाल तर या भागात प्रत्येक ज्युनिपर एकटाच उभा असतो. झाडं दाटीवाटीने उगवण्याइतकं पाणीच नाही.

खडकावर खुणेसाठी चपट्या दगडांच्या लगोऱ्या रचलेल्या असतात. त्यांच्यावर नव्या वाचकाची श्रद्धा असते. पण लगोरी कोणीही रचू शकतो. फोटो काढायला थांबलेली पोरं रचतात, चुकलेला माणूस आपण परत कुठून यायचं हे कळावं म्हणून रचतो आणि मग दुसऱ्याच बाजूने घरी जातो. त्याच्या मागून येणारे पाच जण त्या खुणेवर विश्वासून चुकतात, आणि मोठ्या मनाने आणखी एकेक दगड वर ठेवतात.

नावांच्या बाबतीत मोआबची मंडळी उदार आहेत. पॉर्क्युपाइन रिम, म्हणजे साळिंदराची कड. पॉइझन स्पायडर मेसा. मेलेल्या घोड्यांच्या दंतकथेवरून नाव पडलेला डेड हॉर्स पॉइंट. जीपवाल्यांसाठी हेल्स रिव्हेंज. घरी गादीवर पडून अनुक्रमणिका वाचताना छाती फुगते. समुद्र शेकडो मैल दूर असताना इथे देवमाशाच्या मागे लागलेल्या कॅप्टन एहॅबच्या नावाची ट्रेल आहे, आणि मॉनिटर व मेरिमॅक या यादवी युद्धातल्या दोन लोखंडी युद्धनौकांची नावं मिरवणारे दोन सुळके आहेत. एका ठिकाणी गुरांवर डागायच्या खुणांवरून ट्रेलांना नावं दिली आहेत: बार एम, सर्कल ओ, रॉकिन ए, बार बी. अक्षरं जुळवली की गावाचं नाव तयार होतं. त्याच परिसरात ‘लेझी’ आणि ‘ईझी’ अशाही दोन वाटा आहेत. नावाप्रमाणेच सोप्या. पण घरी गेल्यावर ऑफिसात सांगणार काय, ‘आम्ही लेझी केली’? या एका प्रश्नापायी कित्येक गुडघे फुटले असतील. शेजारच्या कोलोरॅडो राज्यातलं फ्रुटा हे असंच वाळवंटी सायकलचं गाव. त्या गावाचा सर्वांत प्रसिद्ध रहिवासी माइक नावाचा कोंबडा. १९४५ साली त्याचं मुंडकं उडवल्यानंतर तो तब्बल अठरा महिने जगला, गावोगाव त्याचे खेळ झाले आणि अजूनही गावात त्याच्या नावाने दरवर्षी उत्सव होतो. गाइडबुक घरी विसरून आलेल्यांना त्या गावात धीर येतो, तो उगाच नाही.

उंचीचा आलेख हा आणखी एक फसवा प्रकार. पानाची रुंदी ठरलेली, म्हणून चार मैलांची वाट आणि चाळीस मैलांची वाट दोन्ही तेवढ्याच जागेत बसवतात. चार मैलांतली टेकडी त्यात सुळक्यासारखी दिसते आणि चाळीस मैलांतला जीवघेणा चढ गुळगुळीत ओघळासारखा. वाचक टेकडी टाळतो आणि ओघळ निवडतो.

‘होल एन्चिलाडा’ ही इथली नावाजलेली ट्रेल याच आलेखामुळे आणखी लोकप्रिय झाली असावी. ला साल पर्वतात अकरा हजार फुटांच्या वर बरो पास आहे. त्या खिंडीच्या अलीकडून सुरू होऊन ही वाट चार हजार फुटांवर कोलोरॅडो नदीपाशी उतरते. सव्वीस-सत्तावीस मैल, सात हजार फुटांचा उतार. आलेखात रेघ डावीकडून उजवीकडे अशी घसरत जाते की आजोबांनाही न्यावंसं वाटावं. भाड्याच्या व्हॅनमध्ये सायकली लादून लोक वर जातात आणि उतरल्या उतरल्या पहिल्यांदा चढ लागतो. खिंड ओलांडायची असते. पुढेही अधूनमधून चढ येतात, पण आलेखाच्या जाड रेघेत ते बुडालेले असतात. वर जूनपर्यंत बर्फ असू शकतो आणि त्याच दिवशी खाली नदीकाठी अंगाची काहिली होते. सकाळी जाकीट आणि दुपारी सावलीचा शोध, एकाच सहलीत. उतार हा विश्रांतीचा प्रकार आहे ही समजूत सातव्या-आठव्या मैलाला सुटते, जेव्हा ब्रेक दाबून दाबून बोटांना डब्याचं झाकण उघडता येत नाही.

व्हाइट रिमचं उलटं आहे. कॅन्यनलँड्समधला हा सुमारे शंभर मैलांचा कच्चा रस्ता युरेनियमच्या दिवसांत फोडला गेला. हँडल सांभाळायला फारसा अवघड नाही, त्यामुळे कौशल्याचे गुण कमी. ते बघून लोक उत्साहाने नोंदणी करतात. परवाना लागतो, एका दिवसात करायचा असला तरी लागतो. मग पुढची ओळ वाचतात: वाटेत पिण्याचं पाणी कुठेही नाही. खाली नदी दिसत राहते, पण बहुतेक ठिकाणी ती खाली असते. बहुतेक जण सोबत जीप ठेवून तीन-चार दिवसांत पूर्ण करतात. काही जण पहाटे काळोखात निघून एका दिवसात उरकतात. गाइडबुकं लिहितात ते बहुतेक या दुसऱ्या गटातले.

पाण्याबद्दल सगळी पुस्तकं एकमुखाने बोलतात: माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर. नागपूरकराला मोआबचा जुलैतला अडतीस अंशांचा पारा ऐकून हसू येईल. पण इथे हवा इतकी कोरडी की घाम दिसायच्या आत उडून जातो. आपण घामाघूम झालोच नाही, म्हणजे पाणी लागणारच नाही, असा हिशेब करून माणूस निम्मं पाणी गाडीत ठेवतो. गाडी कुठे आहे हे मीटरच्या वजाबाकीवरून ठरायचं असतं.

पोर्टल ट्रेल या वाटेवर सायकलवरून खाली उतरा, इथे सायकलस्वार दगावले आहेत, अशी पाटी आहे. तिथल्या वर्णनात लेखकही विशेषणं आवरती घेतात.

मराठी माणसाला या वाळवंटात एकच ओळखीचा चेहरा भेटतो आणि तो भेटून आनंद होत नाही. तो म्हणजे सराटा, गोखरू. आपल्याकडे अनवाणी शेतात गेलेल्या प्रत्येकाच्या टाचेत शिरलेला हा काटा जुन्या जगातून अमेरिकेत पोहोचला आणि नैऋत्येकडच्या कोरड्या भागात फोफावला. तिथे त्याला बकऱ्याचं डोकं म्हणतात. फळाचा तुकडा कसाही पडला तरी एक काटा वरच्या बाजूला राहतो. त्याने तिथल्या सायकलवाल्यांना इतकं छळलं की टायरमध्ये पंक्चर आपोआप बुजवणारा चीक भरून ठेवणं ही तिकडे आता साधी सवय झाली आहे. त्याचा बंदोबस्त करायला १९६१ साली अमेरिकेत दोन जातींचे सोंडकिडे सोडले गेले. एक बिया खातो, दुसरा खोड पोखरतो. हे किडे मूळचे भारत, फ्रान्स आणि इटली या भागांतले. म्हणजे काटाही आपल्या ओळखीचा आणि त्याच्या मागावर पाठवलेला शिपाईही. दोघांचं तिकडे बरं चाललं आहे. पंक्चरही चालू आहेत.

पुस्तकांत एक सूचना मात्र सगळे लेखक गंभीरपणे, प्रसंगी रागावून देतात. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत, जळकी दिसणारी माती असते. ती जिवंत असते. सायनोबॅक्टेरिया, शेवाळ, दगडफूल यांनी मिळून विणलेला तो थर वाळूला धरून ठेवतो. त्यावर एक चाक गेलं तर तो पूर्ववत व्हायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून वाट सोडायची नाही, समोरून कोणी आलं तरी कडेला मातीत उतरायचं नाही, खडकावरच थांबायचं. वाळूचा पट्टा टाळायला म्हणून कडेने जाणं हा मोह सगळ्यांनाच होतो. या एका बाबतीत, वाळूत सायकल ढकलणारा आळशी वाचक हा तरबेज लेखकापेक्षा वाळवंटाच्या जास्त उपयोगी पडतो. त्याला वाट सोडण्याइतकं त्राणच उरलेलं नसतं.

एडवर्ड अ‍ॅबी हा लेखक १९५०च्या दशकात आर्चेसमध्ये रेंजर होता. १९६८ साली आलेल्या ‘डेझर्ट सॉलिटेअर’ या पुस्तकात त्याने राष्ट्रीय उद्यानांत मोटारी आणूच नयेत, लोकांनी पायी, घोड्यावर किंवा सायकलवर यावं, असा आग्रह धरला. आज त्याच आर्चेसमध्ये सायकलींना पायवाटांवर बंदी आहे. चालवायचीच असेल तर मोटारींच्या रस्त्यावरून, मोटारींच्या रांगेत. गाइडबुकाच्या मुखपृष्ठावर इथल्या डेलिकेट आर्च या दगडी कमानीचा फोटो बघून सायकल घेऊन आलेल्या माणसाला ही गोष्ट फाटकावर कळते. गाइडबुकात ती छापलेली असते, पण प्रस्तावनेत. प्रस्तावना कोण वाचतो?

आता फोनमधल्या अ‍ॅपवर ट्रेल दिसते, निळा ठिपका आपण कुठे आहोत ते दाखवतो, आणि पुस्तकं दुकानात मागच्या फळीवर गेली आहेत. पण दरीत शिरलं की रेंज जाते. नकाशा आधी उतरवून ठेवायचा राहिलेला असतो. ठेवला असेल तर उंच कड्यांच्या मध्ये ठिपका थोडा भरकटतो आणि आपण नदीच्या पलीकडे असल्याचं सांगतो. त्यात उन्हाने फोन इतका तापतो की तो स्वतःच बंद पडून सावलीची वाट बघतो. शिवाय अ‍ॅपमध्ये एका लेखकाच्या जागी शेकडो अभिप्राय. कोणी लिहितो ‘अगदी सोपी’, कोणी लिहितो ‘पुन्हा कधीच नाही’, आणि दोघांची वयं, गुडघे आणि सायकलींच्या किमती कळायला मार्ग नाही. पुस्तकात निदान एकाच माणसाचे पाय होते. दोन-तीन वाटा केल्या की त्या पायांचा अंदाज येतो. तो ‘मध्यम’ म्हणतो तिथे आपल्याला दोनदा उतरावं लागतं, तो ‘अवघड’ म्हणतो तिथे आपण गाडीतच बसायचं, तो ‘दोन तास’ म्हणाला की डबा बांधून घ्यायचा. एवढा पाढा जमला की ते पुस्तक अ‍ॅपपेक्षा भरवशाचं होतं.

अर्थात पाढा पुढच्या आवृत्तीपर्यंतच टिकतो. हौशी वाचक जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून बघतात तेव्हा एखादी वाट ‘मध्यम’वरून ‘अवघड’मध्ये बढती मिळालेली आढळते. अंतर तेच, चढ तोच, फाटकही तिथेच. वाटेवर दरड कोसळली का, पुराने ओढा बदलला का, अशी तळावर चौकशी होते. दरड वगैरे काही नसते. दोन आवृत्त्यांच्या मध्ये बारा वर्षं गेलेली असतात, आणि मागच्या पानावरच्या फोटोत लेखकाच्या डाव्या गुडघ्याला पट्टा असतो.